सुतकातलं मोर्तब

बोरसोळकर सरकारांना नाही म्हणायचा अधिकार नव्हता. हे त्यांनी स्वतःच दसऱ्याच्या भर सभेत लिहून दिलं होतं. तरी पुढं वर्षभर एकही ठराव त्यांनी वेळेवर होऊ दिला नाही, आणि ही करामत ते कशी करतात हे कळायला हंबीररावाला फार उशीर लागला. माणूस हुशार होता, पण पडला भावकीतला. आपल्याच घरातली खोड त्याला कशी दिसावी?

बोरसोळ म्हणजे काही मोठं राज्य नव्हे. कोल्हापूर संस्थानाच्या पोटातली एक चिमुकली जहागीर, पेठ वडगावच्या वाटेवरची चार गावं आणि एक ओढा. पण थाट केवढा. जहागीरदाराला सरकार म्हणायचं, तो दिसला की कमरेत वाकून तीनदा मुजरा करायचा. तो राहणार कोल्हापुरात, नागाळा पार्कातल्या बंगल्यात, आणि त्याच्या मोटारीत पेट्रोल पडणार ते ह्या चार गावांच्या सारापट्टीतनं. देश स्वतंत्र झाला, प्रजापरिषदेची माणसं पारावर बसून मोठ्यानं बोलायला लागली, तशी सरकारांची झोप उडाली. त्यांनी अंबादास वकिलांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "विलायतेत राजा आहेच की. राज्य त्याचं, कारभार लोकांचा. आम्हालाही तसंच राहू द्या. लिहा घटना."

वकिलांनी लिहिली. चार गावांनी माणसं निवडायची, त्यांची सभा. सभेनं ठराव करायचा, सरकारांनी त्यावर मोर्तब करायचं, आणि मोर्तबाला नकार द्यायचा अधिकार सरकारांना नाही. हे शेवटचं वाक्य वकिलांनी ठळक अक्षरात लिहिलं. सरकारांनी हसत सही ठोकली. लोकांनी टाळ्या पिटल्या, हंबीररावाला सभेचा मुख्य केलं आणि त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं.

मेख राहिली ती शिक्क्यात. मोर्तबाचा चांदीचा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या सरकारांच्या देवघरात असायचा, भवानीच्या टाकाशेजारी. वकील म्हणाले, आता शिक्का सभेच्या कचेरीत ठेवू. सरकार ह्यावर काहीच बोलले नाहीत. बोलला कोण, तर हंबीरराव. "वकीलसाहेब, देवीच्या पायापासला शिक्का चावडीत कसा ठेवायचा? ऱ्हाऊ द्या की हाय तितं." पाच पिढ्यांमागं त्याचा पूर्वज आणि सरकारांचा पूर्वज सख्खे भाऊ होते. एकाला जहागीर मिळाली, दुसऱ्याला नांगर. तरी देवी एकच, आडनाव एकच, म्हणून बोलताना त्याचा ऊर भरून आला होता. वकिलांनी कपाळाला हात लावला आणि कागद गुंडाळला.

पहिला ठराव झाला तो वेठ बंद करायचा. बंगल्यावर लाकडं फोडायला, घोड्यांचं गवत कापायला गावातली माणसं फुकट राबायची, ते बंद. हंबीरराव ठराव घेऊन नागाळा पार्कात गेला. बंगल्याचा खासगी कारभारी बाळासो, गोरा, गुळगुळीत, कायम हात चोळत बोलणारा. तो दारातच म्हणाला, "अरेरे. सरकारांना सुतक आहे हो. गडहिंग्लजच्या काकीसाहेब गेल्या. देवघर बंद. शिक्क्याला हात कसा लावणार?"

बरोबर होतं. सुतकात देवाला शिवत नाहीत. हंबीरराव दहा दिवस थांबला. पुन्हा गेला, तर सांगलीकडचे कुणी चुलते गेलेले. मग कागलला कुणाला तरी मुलगा झाला, त्याचं सोयर. बोरसोळकरांची भावकी अफाट, गडहिंग्लजपासून नृसिंहवाडीपर्यंत पसरलेली. कुठं ना कुठं कोण तरी मरायचं, नाहीतर जन्मायचं. एरवी सरकार ह्यातल्या निम्म्यांची नावंही सांगू शकले नसते. आता मात्र सोळाव्या पिढीचा कोण म्हातारा गेला तरी सरकार दाढी वाढवून बसायचे. सरकारांनी नाही कुठं म्हटलं होतं? ते तर म्हणायचे, "ठराव उत्तम आहे हो. मोर्तब झालंच समजा. एवढं सुतक फिटू द्या." घोडं तिथंच पेंड खात राहिलं. वेठ बंद व्हायला आठ महिने लागले, आणि तोवर बंगल्यावर दोन हिवाळ्यांची लाकडं फोडून झाली होती.

हंबीररावाच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला, आणि पडला तसा त्याचा संताप संताप झाला. पण बोलायचं कुणाला? घरी आबा होते.

आबा म्हणजे हंबीररावाचे वडील. जन्मभर दसऱ्याच्या स्वारीत सरकारांच्या घोड्यामागं चाललेला माणूस. डाव्या अंगावरनं वारं गेल्यापासून अंथरुणाला खिळलेले, तरी बंगल्याकडनं कोण आलं म्हटलं की उजवा हात कपाळाशी न्यायचे. पोरानं सरकारांचे हात बांधले म्हणून घटनेच्या दिवसापासून ते हंबीररावाशी बोलत नव्हते. बोलायचं झालं तर बायकोमार्फत. "तुझ्या लेकाला सांग, राजाबिगर राज म्हंजे धन्याबिगर घर." तानाबाई मान डोलवायची. हंबीरराव तिथंच तीन हातांवर भाकरी खात बसलेला असायचा. तोही मग आईलाच म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याला इचार, धन्यानं घरात काय ठिवलंय?"

आबांना आता जगाकडनं एकच पाहिजे होतं, शेला. बोरसोळकरांची रीत अशी, की भावकीतला कर्ता पुरुष गेला की घरच्या माणसानं जाऊन सरकारांना सांगावा द्यायचा. सरकार स्वतःच्या हातानं जरीकाठी शेला द्यायचे. तो मयतावर पांघरायचा, मग मयत हलवायचं. जहागिरीतलं काहीही वाट्याला न आलेल्या धाकल्या पातीला एवढाच एक मान उरला होता. आबांच्या बापाला शेला मिळाला होता, आज्ज्याला मिळाला होता. आबा तानाबाईला सारखं बजवायचे, "मला उघडा न्हिऊ नकोस." सांगाव्याचाही कायदा होता. उडती बातमी धरायची नाही. मयताच्या घरच्या माणसानं तोंडानं सांगितलं की सरकारांना सुतक लागलं. तोवर नाही.

आणि अशात विलीनीकरण आलं. माघ सरला की कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात जाणार, आणि त्याच्याबरोबर बोरसोळही. गावात काहींनी गुलाल उधळला, काही म्हातारी माणसं ओसरीत बसून डोळे पुसायला लागली. हंबीररावाला दोन्हीला वेळ नव्हता, कारण बाळासोनं सरकारांची खासगी मालमत्ता म्हणून जी यादी मुंबईला धाडायला काढली होती, तिच्यात बोरसोळचं कुरण होतं.

कुरण म्हणजे बोरसोळचं पोट. ओढ्याकाठचं ते गवत म्हणून गावच्या म्हशी, म्हशी म्हणून दूध, आणि दूध म्हणून घरात मीठमिरची. रोज पहाटे गावच्या घागरी कोल्हापुरात गंगावेशीला जायच्या, त्यातली एक बंगल्यावरही जायची. ते कुरण सरकारांचं खासगी ठरलं असतं तर गावाला दावणीच्या म्हशी विकून हमालीला जावं लागलं असतं. सभेनं एकमतानं ठराव केला, कुरण गावचं. विलीनीकरणाआधी त्यावर मोर्तब झालं तर यादीतनं कुरण गळणार होतं. नाही झालं तर सभाही जाणार, घटनाही जाणार आणि कुरण सरकारांच्या घशात.

हंबीरराव बंगल्यावर गेला, तेव्हा नशिबानं भावकीत कुणी मेलं नव्हतं. बाळासोनं पंचांग चाळलं. अमावास्या आहे, मग सरकारांना शिकारीला जायचंय, असं करत करत विलीनीकरणाच्या आदल्या दिवसावर आणून ठेवलं. "त्या दिवशी सकाळी पूजेनंतर नक्की," तो हात चोळत म्हणाला, "मध्ये काही विघ्न आलं नाही म्हणजे झालं."

विघ्न आलं ते हंबीररावाच्याच घरात आलं. मोर्तबाच्या त्या ठरलेल्या दिवशीच पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, आबांनी मान टाकली.

तानाबाईनं हंबरडा फोडला. शेजारपाजार गोळा झाला. धाकटा भाऊ बंडू भिंतीला टेकून पोरासारखा रडत होता. हंबीररावाला रडू आलं नाही. वर्षभर एक शब्द न बोललेला बाप, आणि मरायला नेमका हा दिवस काढला. त्याला बापाचा असा राग आला की आपलीच त्याला शरम वाटली. तानाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "जा बाबा. सरकारास्नी सांगून ये. शेला आल्याबिगर मी ह्यास्नी हलवू देणार न्हाय."

"जातो," हंबीरराव म्हणाला. त्यानं कोनाड्यातला ठरावाचा कागद उचलून कोटाच्या आत सारला. बंडूनं ते पाहिलं.

"दादा, कागद कशाला?" बंडू दाराबाहेर त्याच्या मागं आला. "सांगावा द्यायला चाललाईस न्हवं?"

"आज मोर्तब झालं न्हाय तर उद्या कुरण गेलं."

"आणि सांगावा दिलास तर मोर्तब न्हाय." बंडूला हिशेब लगेच कळला. "बा उघडा जाईल, दादा. त्यानं जल्मात दुसरं काय मागितलंय?"

"गाव उपाशी मरंल."

"मरू दे गाव," बंडू म्हणाला. हंबीरराव चालायला लागला. फाट्यावर मोटार उभी होती, ती त्यानं पकडली.

वाटभर तो स्वतःशी भांडत होता. आधी मोर्तब उरकायचं, मग लगेच सांगावा द्यायचा, शेला घ्यायचा आणि परतायचं. घटकाभराचं खोटं. मेलेल्या माणसाला घटकाभरानं काय फरक पडतो? बंगल्याच्या फाटकात शिरेपर्यंत त्यानं स्वतःला असं बरंच पटवून दिलं होतं.

सरकार दिवाणखान्यात बसले होते. अंगात पांढरा रेशमी कुडता, कपाळाला पूजेचं गंध. भिंतीवर मारलेल्या वाघांची मुंडकी आणि विलायतेच्या राजाची तसबीर. बाजूच्या टेबलावर एक चांदीचं तबक, त्यात जरीकाठी शेला घडी करून ठेवलेला. हंबीररावाचा मुजरा अर्ध्यावरच थबकला.

अरे देवा, दुधाची घागर. गावचं दूध पहाटे बंगल्यावर येतं, आणि दुधाबरोबर बातमीही आलेली असणार.

"या हंबीरराव," सरकार म्हणाले. "आज लवकर आलात. घरी सगळं ठीक?"

"व्हय जी."

"आबा कसे आहेत?"

हंबीरराव तबकाकडं बघत नव्हता, पण त्याला तबकाशिवाय दुसरं काही दिसतही नव्हतं. सरकारांना माहीत होतं. बाळासोला माहीत होतं, तो हात चोळायचंसुद्धा विसरून त्याच्या तोंडाकडं बघत होता. पण उडती बातमी धरायची नाही असा घराचा कायदा. सांगायचं ते ह्यानंच.

"हाईत," हंबीरराव म्हणाला. "बरं हाय त्यांचं."

"छान. आमच्या कानावर काहीतरी भलतंच आलं होतं. पण लोकांच्या तोंडाला काय धरबंध? घरचा माणूस सांगतो ते खरं." सरकारांनी पाय लांब केला आणि गुडघ्यावरनं हात फिरवला. "मोर्तबासाठी आलात ना? आज आमचा गुडघा धरलाय बघा. तुम्ही भावकीतलेच. तुम्हीच जा देवघरात, शिक्का आणा."

ह्याला म्हणतात राजेपण. नाही म्हणायचा अधिकार नाही, तर समोरच्याच्या तोंडून नाही वदवून घ्यायचं. ज्याच्या घरात मढं पडलंय त्यानं देवघरात पाऊल ठेवायचं, भवानीपुढचा शिक्का उचलायचा. सरकारांना वाटलं असणार, इथं हा मोडेल. हंबीररावाला क्षणभर खरंच वाटलं, सांगून टाकावं. रडावं आणि तो शेला उराशी धरून घरी जावं.

मग त्याला ती यादी आठवली आणि त्याचं डोकं सणकलं. त्यानं वहाणा काढल्या, देवघरात गेला. देवीपुढं समई जळत होती. त्यानं नमस्कार केला नाही, कुठल्या तोंडानं करणार? शिक्का उचलला, बाहेर आणला आणि सरकारांपुढं ठेवला.

सरकारांनी कागद वाचलासुद्धा नाही. शाई लावली, शिक्का दाबला. मोर्तब झालं. बोरसोळचं कुरण बोरसोळचं झालं.

हंबीररावानं कागद घेतला, कोटात घातला आणि म्हणाला, "सरकार, आता एक सांगायचं हुतं. आबा..."

"थांबा," सरकार म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "नीट विचार करून बोला. आता जे सांगाल ते आत्ता घडलेलं असणार नाही. म्हणजे तुम्ही सुतकात आमच्या देवघरात गेलात, देवी बाटवलीत, आणि ते मोर्तब सुतकातलं. सुतकातलं मोर्तब बाद असतं. मग तो कागद आम्हाला परत मागावा लागेल. घटना आहे ना, हंबीरराव. शिक्का देवीपाशी राहू द्या, हे आपणच म्हणालात. आम्ही आपले नियमानं चालणारे."

हंबीररावानं कोटावरनं कागद चाचपला.

"तर काय म्हणत होता? आबा?"

"आबांनी मुजरा सांगितलाय," हंबीरराव म्हणाला.

"आमचाही नमस्कार सांगा त्यांना. बाळासो, तो शेला कपाटात ठेवून द्या. आबा बरे आहेत म्हणतात."

परत येताना हंबीररावानं सरकारांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की एक माणूस आयुष्यात एवढ्या घालत नाही. पण शिव्यांनी काय होणार? दुपार चढली होती. अंगणात गाव बसलं होतं, तिरडी बांधून तयार होती. तानाबाई उंबऱ्यातनं उठून पुढं आली आणि त्याच्या रिकाम्या हातांकडं बघत राहिली.

"शेला?"

खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे आईला सांगायचं, की मी तुझ्या नवऱ्याला जिवंत म्हटलं, आणि त्याच्या मढ्यावरनं उठून देवीचं देवघर बाटवलं. अंगणात भावकी बसली होती. गोष्ट संध्याकाळच्या आत नागाळा पार्कात पोचली असती आणि मोर्तब बोंबललं असतं. त्यानं तोंडाला आलं ते सांगितलं.

"सांगितलं मी. सरकार म्हणालं, उद्यापास्नं राज ऱ्हायलं न्हाय. शेला द्यायचा अधिकार न्हाय आता आमास्नी."

त्याला वाटलं होतं, आई सरकारांना शिव्या देईल. ती खाली बसली, कपाळावर हात मारून घेतला आणि हंबीररावाकडंच बोट केलं. "बांधलंसा न्हवं माझ्या राजाचं हात? भावकीच्या मढ्यावर कापड टाकायची बी सोय ठिवली न्हाईसा. त्या पोराचा जीव किती तुटला असंल." पोरगा म्हणजे सरकार. पन्नाशी उलटलेला, तिच्याच नवऱ्याचा शेला कपाटात ठेवायला लावणारा तो माणूस तानाबाईला पोरगा वाटत होता. भोवतीच्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. कुणीतरी म्हणालं, "राजा ऱ्हायला असता तर शेला आला असता."

आबांवर वडगावच्या बाजारातलं कोरं कापड पांघरलं. बंडू सगळ्या विधींना उभा राहिला, पण हंबीररावाशी तो बोलला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो कुणाला सांगणार नव्हता, कारण सांगितलं तर बापाची लाज आणखी चव्हाट्यावर येणार. महिन्याभरात त्यानं बिऱ्हाड हलवलं, उचगावला कारखान्यात नोकरी धरली.

कुरण राहिलं. मुंबई सरकारच्या साहेबानं मोर्तब पाहिलं, ठराव पाहिला आणि यादीतनं नाव खोडलं. म्हशी चरत राहिल्या, दूध गंगावेशीला जात राहिलं, आणि ते पीत पीत गाव म्हणत राहिलं की नव्या राज्यात माणसाला मरणाचं कापडही मिळत नाही. दोन-तीन वर्षांत त्या गोष्टीला फांद्या फुटल्या. कुणी सांगायचं, सरकार शेला घेऊन मोटारीत बसले होते, पण पोलिसांनी अडवलं. कुणी सांगायचं, ते ढसाढसा रडले. हंबीररावानं एकदोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. गोष्ट त्याचीच होती, त्यानंच पेरलेली.

मग पहिली निवडणूक आली, आणि बोरसोळकर सरकार अपक्ष उभे राहिले. चिन्ह सायकल. आयुष्यात सायकलवर न बसलेला माणूस. प्रचाराची सभा त्यांनी कुठं घ्यावी, तर कुरणात. मळक्या खादीचा सदरा घालून ते गवतात चालत आले आणि हात जोडून म्हणाले, "हे कुरण तुमचं व्हावं म्हणून शेवटचं मोर्तब मी स्वतःच्या हातानं केलं." खोटं नव्हतं. मग आवाज जड करून म्हणाले, "पण आमच्या आबांच्या अंगावर शेला घालता आला नाही, हे शल्य मरेपर्यंत जाणार नाही. काय करणार? हात बांधलेले होते." बायकांच्या बाजूला तानाबाई बसली होती, तिनं तोंडात पदर कोंबला. आणि हंबीरराव? तो मागं म्हशींजवळ उभा होता. हे सगळं त्यानंच त्या माणसाला आयतं दिलं होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं रांग लागली होती. आतल्या खोलीत एकेका उमेदवाराची पेटी, पेटीवर त्याचं चित्र. तानाबाईला मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं. ती हंबीररावाचा दंड धरून उभी होती.

"सायकलीची पेटी कंची, ते सांग मला," ती म्हणाली. "चुकून दुसरीत पडायला नको."

हंबीररावाला ते ऐकवेना. त्यानं आईला रांगेतनं बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. दुधाची घागर, तबक, कपाटात परत गेलेला शेला, देवघर, शिक्का. "मी सांगावा दिलाच न्हाय, आई. सरकारांला ठावं हुतं, आबा गेल्यालं. शेला म्होरं ठिवून त्यांनी मला इचारलं, आबा कसं हाईत. आणि मी म्हणालो, बरं हाईत. मी कुरणासाठी म्हणालो."

तानाबाई ऐकत होती. मोतीबिंदूचे ते डोळे त्याच्या तोंडावर रोखलेले. मग तिनं त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला.

"मतासाठी मेलेल्या बापालाबी सोडीनास व्हय रं?" ती हळू म्हणाली. "एवढी वर्सं त्वांड शिवलं हुतंस काय? आज बरं आठवलं सगळं."

"आई, आबांची आण घिऊन सांगतो."

"आण घिऊ नकोस. त्यांचं नाव तुझ्या तोंडात नको." ती वळली आणि रांगेतल्या एका बाईच्या खांद्यावर हात ठेवून दाराकडं चालायला लागली. दारात मुंबईकडचा कुणी गोरटेला कारकून नावं तपासत बसला होता. तानाबाईनं त्याला मोठ्यानं विचारलं, "पावणं, सायकलीची पेटी कंची हो?"

कारकून म्हणाला, "आजी, मी सांगायचं नाही. आत चित्रं लावलीत, हात लावून बघा."

तानाबाई पडद्याआड गेली. हंबीरराव रांगेत परत आला, तसा मागचा माणूस त्याला म्हणाला, "चला की म्होरं, मतं द्यायची हाईत आमास्नीबी." हंबीरराव पुढं झाला.